गाडी खाली बसवली, आता टायर वाचवा

स्विफ्टला ३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकायच्या आहेत. शॉकॲब्सॉर्बर मूळचेच, ६० हजार किमी चाललेले. फक्त स्प्रिंगा बदलल्या तर चालेल का? गॅरेजवाला म्हणतो, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) पुढच्या सर्व्हिसला केली तरी बिघडत नाही. (कासारवडवली, ठाणे)

बिघडतं, आणि ते टायरवर दिसायला सर्व्हिसची वाट बघावी लागत नाही. पुढची मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांचा एकत्र खांब) खाली आली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टायरॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) यांचे कोन बदलतात. दोघांची लांबी वेगळी, त्यामुळे ते एकाच वर्तुळात फिरत नाहीत आणि टो, म्हणजे वरून पाहता चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं, सरकतो. तो आत जाईल की बाहेर, हे स्टेअरिंग रॅक ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर ठरतं. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा उभा कल, तोही बदलतो; ३० मिमीला साधारण अर्धा ते एक अंश निगेटिव्ह (चाकाचा माथा आत) धरा. मात्र टायर खरा खातो तो टो. एका चाकाचा टो पाव अंशाने चुकला, तर ते चाक दर किलोमीटरला साडेचार मीटरच्या आसपास आडवं घासत जातं.

६० हजारांच्या शॉकॲब्सॉर्बरवर खाली बसवणारी ही कडक स्प्रिंग टाकू नका. आतलं तेल आणि सील थकलेले असतात, कडक स्प्रिंगचा उसळा त्यांना आवरत नाही. घोडबंदरच्या खड्ड्यांवर गाडी नाचते. नवे जोडीनेच घ्या. सोबत वरचं माउंट, त्यातलं बेअरिंग, बंपस्टॉप (शॉकॲब्सॉर्बर तळाला आदळू न देणारा रबरी ठोकळा) आणि धूळरोधक बूटही. हे सगळं एकदा उघडल्यावरच बदलायचं, नाहीतर तीच मजुरी पुन्हा.

कामाला हात लावण्याआधी अलाइनमेंटची प्रिंट काढून ठेवा, म्हणजे नंतर काय बदललं ते कळतं. मग गाडी जॅकवर नाही, पक्क्या स्टँडवर घ्या. ब्रेक होज आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या क्लिपमधून आधी सोडवा, ताणून तुटणारी पहिली गोष्ट हीच. स्टॅबिलायझरची लिंक काढा. नकलला (चाक धरणाऱ्या धातूच्या भागाला) जाणाऱ्या दोन बोल्टांची जागा खिळ्याने ओरखडून ठेवा. स्ट्रट बाहेर आल्यावर स्प्रिंग दाबणारे दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावून दोन्ही बाजू थोड्या-थोड्या आवळा. स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल हलायला लागेपर्यंत मधला नट सोडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाडं मोडते. इथे एअर गन वापरू नका, शाफ्ट फिरतो आणि सील जातं. नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक खालच्या बैठकीच्या खाचेला टेकलंय का ते डोळ्यांनी बघा. बंपस्टॉप कापायचा की नाही हे स्प्रिंगच्या कागदावर लिहिलेलं असतं. अंदाजाने कापू नका.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) आहे. शॉकॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढून बीम हळू खाली सोडला की स्प्रिंग हाताने निघते. होज ताणलं जात नाही ना, एवढं पाहा.

जी चूक फार गॅरेजांत होते ती शेवटच्या आवळण्यात. लोअर आर्म आणि बीमचे बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी हवेत असतानाच घट्ट करून टाकतात. मग गाडी खाली आली की रबर पीळ घेऊन बसतं, उंची खोटी दिसते आणि काही महिन्यांत बुश फाटतं. हे बोल्ट चाकं जमिनीवर, गाडीचं पूर्ण वजन पडल्यावर, टॉर्क पान्यानेच. आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा.

अलाइनमेंट दोनदा होते: काम झाल्या दिवशी आणि स्प्रिंगा बसल्यावर, म्हणजे ५०० ते १००० किमीनंतर.

स्प्रिंगा टाकून तीन महिने झाले. पुढचे टायर आतून खातात. दुकानदार कॅम्बर बोल्ट टाकायला सांगतो. त्याच्या मशीनवर कॅम्बर लाल दिसतो. (खारघर)

आधी टायरवरून हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं लागलं तर दोष टोचा; नुसती आतली कड सफाईने घासलेली असेल तर कॅम्बरचा. दोन्ही असू शकतात. खाली बसवलेल्या गाडीचा कॅम्बर कारखान्याच्या मर्यादेबाहेर, लाल रंगात दिसणं अपेक्षितच आहे. डाव्या-उजव्यातला फरक अर्ध्या अंशाच्या आत असेल आणि टो हिरव्यात असेल, तर तो लाल रंग सोडून द्या.

फरक जास्त असेल तर बोल्टाचा सल्ला योग्य. तो स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या वरच्या भोकात जातो आणि साधारण दीड अंशापर्यंत दुरुस्ती देतो. पण स्ट्रट नकलमध्ये चिमटून बसवलेल्या गाड्यांना तो बसतच नाही. बोल्ट टाकला की टो पुन्हा बदलतो, म्हणून क्रम पाळायचा: आधी हवा सारखी करणं, टायरॉड एंड आणि बॉल जॉइंटमधली ढिलाई तपासणं, मग मागची चाकं, मग पुढचा कॅम्बर, शेवटी स्टेअरिंग सरळ लॉक करून टो. नुसता पुढचा टो करून देणारं दुकान टाळा. मागचा बीम वाकडा असेल तर स्टेअरिंग कायम तिरकं राहील. प्रिंटवर टो मिलिमीटरमध्ये असेल, तर ६०० मिमी व्यासाच्या टायरला १ मिमी म्हणजे सुमारे ६ मिनिटं.

मागे मल्टी-लिंक (प्रत्येक चाकाला अनेक वेगळे आर्म) असलेल्या गाड्यांना (जुनी सिव्हिक धरून) मागचा कॅम्बर आणि टो दोन्ही सरकतात, त्यांना वेगळे आर्म लागू शकतात. बीमवाल्यांना फक्त स्टब ॲक्सलमागची (चाक बसतं त्या दांड्यामागची) शिम, म्हणजे पातळ चकती.

नवीन स्प्रिंगांऐवजी जुन्यांचा एक वळसा कापला तर? (कळवा)

नको. शेवटचा वळसा बैठकीत बसण्यासाठी घडवलेला असतो. तो गेला की चाक लोंबकळताना स्प्रिंग जागा सोडते. थोडे पैसे वाचवायला एवढा धोका पत्करू नये.

सोसायटीच्या तळघराचा उतार आणि स्पीडब्रेकर यांचं काय? कायदा काय म्हणतो? (ऐरोली)

स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. ३० गेले, उरले १३३, आणि चार माणसं बसली की आणखी कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) नियमाप्रमाणे ब्रेकर १० सेमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तो चालतो. गाडी खालून घासते ती सोसायट्यांनी ठोकलेल्या अरुंद, उंच पट्ट्यांवर आणि तळघराच्या उताराच्या वरच्या कडेवर. २५ मिमीच्या पुढे जाऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात तर नाहीच.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, पोच घ्या. जुन्या स्प्रिंगा आणि त्यांचे रबर पॅड कपाटात जपून ठेवा. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त उतरली असेल तर हेडलाइटचा झोत जमिनीकडे झुकतो. तो भिंतीसमोर सपाट जागेवर, टाकी अर्धी आणि चालक बसलेला असताना पुन्हा लावून घ्या.