नोंद ‘पोहोचले’ अशी, पार्सल मात्र हाती नाही: माझा अनुभव

नमस्कार. घराला कुलूप असताना आपले पार्सल ‘घरातील व्यक्तीला दिले’ अशी नोंद झाली आणि ग्राहक सेवेचे लोक ‘अजून ४८ तास थांबा’ एवढेच सांगत आहेत, हे वाचून मला माझे जुने प्रकरण आठवले. शेजारी आणि वॉचमन यांच्याकडे आपण चौकशी केलीच असेल. एक दिवस थांबणे योग्य आहे, कारण दिवसाचा आकडा पुरा करण्यासाठी आधीच नोंद मारून पार्सल दुसऱ्या दिवशी आणून देण्याचे प्रकार घडतात. त्यापुढे मात्र थांबू नये.

मी थांबलो, आणि तेच सर्वांत महागात पडले. आईसाठी मागवलेल्या श्रवणयंत्रासाठी मी नऊ दिवस केवळ फोनवर बोलत राहिलो. दर वेळी नवा माणूस, पहिल्यापासून तीच कहाणी आणि शेवटी तेच ४८ तास. दहाव्या दिवशी सोसायटीच्या कार्यालयात सीसीटीव्हीचे चित्रण मागितले, तर लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला, तर सेक्रेटरी गावी गेलेले. ते परतले, तर विषय कमिटीच्या बैठकीत घ्यावा लागेल असे कळले. बैठक झाली तोवर ते चित्रण आपोआप पुसले गेले होते, आणि पंधरा दिवसांनी ते पुसले जाते हे कार्यालयाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मेंटेनन्सला उशीर झाला की व्याज लावायला याच कार्यालयाला कोणत्याही बैठकीची गरज भासत नाही, असो. म्हणून आजच अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्यात ‘चित्रण द्या’ याआधी ‘चित्रण जपून ठेवा’ असे लिहा. देण्यासाठी त्यांना परवानगी लागत असेल, जपून ठेवण्यासाठी लागू नये.

दुसरे म्हणजे, ज्या संकेतस्थळावर खरेदी केली त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचे असते. पार्सल देतानाचे छायाचित्र, ठिकाणाची नोंद आणि घेणाऱ्याचे नाव मागा. मला मिळालेल्या छायाचित्रातले दार आमचे नव्हतेच, आणि त्यानंतरच पैसे परत मिळाले. कुरिअरवाल्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण पैसे विक्रेत्याला दिले आहेत, कुरिअरला नव्हे. स्पीड पोस्ट असेल तर मात्र ज्या कार्यालयातून वाटप झाल्याचे ट्रॅकिंगमध्ये दिसते, तिथल्या पोस्टमास्तरांना प्रत्यक्ष भेटावे.

महिन्याभरात दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी वकील नाही, त्यामुळे तिथवर जाण्याआधी जाणकाराला विचारावे.

आणखी एक. तक्रारीत ‘पार्सल चोरीला गेले’ असे लिहू नका, ‘मला मिळाले नाही’ असेच लिहा. मी पहिल्या ईमेलमध्ये ‘चोरी’ हा शब्द वापरला होता, आणि त्यावर ‘म्हणजे ते आपल्या दारापर्यंत आले होते तर’ असे उत्तर आले.