टेबल सॉच्या (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापायच्या मशीनच्या) ब्लेडची उंची बदलणारं चाक खूप जड फिरतंय, काय करावं?

बहुतेक वेळा दोष चाकात नसतो, आत वर्म गिअरच्या (म्हणजे स्क्रूने फिरणाऱ्या दातेरी चाकाच्या) दात्यांत आणि त्या स्क्रूच्या आट्यांत भुसा घट्ट बसलेला असतो. तो काढला की चाक हलकं होतं. त्याआधी चाकाच्या मधोमध असलेला लॉकचा नॉब पूर्ण सैल आहे ना ते बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. फर्निचरच्या कारखान्यात मशीनच्या देखभालीचं काम माझ्याकडे आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो: खरा खलनायक ग्रीस. चाक जड झालं की लोक ग्रीस थापतात, त्यावर भुसा चिकटतो आणि महिन्याभरात काळा, कडक लगदा तयार होतो.

प्लग काढा (नुसतं स्विच बंद करून चालणार नाही), ब्लेड उतरवा, मग पितळी ब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन दाते घासा. चाक फिरवत फिरवत घासा, म्हणजे गिअरचा लपलेला भागही समोर येतो. रॉकेल पुसून पूर्ण सुकू द्या. शेवटी ग्रॅफाइट पावडर किंवा कोरडं मेण लावा. डब्ल्यूडी-४० या स्प्रेने गंज सुटेल, पण वंगण म्हणून ते टिकत नाही.

मात्र चाक एकाच ठराविक जागी अडत असेल, तर भुशाला दोष देऊ नका. तिथे बहुधा दाता तुटलाय किंवा शाफ्ट (गिअरचा दांडा) वाकलाय. जोर लावला तर ओतीव लोखंडाचा गिअर तडकतो, आणि जुन्या मॉडेलचा सुटा भाग मिळवणं हे वेगळंच दुखणं.