'पाक्स' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ काय? घराला हे नाव शोभेल का?

शोभेल, पण हा शब्द कुठून कुठे आला ते आधी बघा.

आपण 'शांती' म्हटलं की मनाची शांती डोळ्यांपुढे येते. रोमन माणसाला 'पाक्स' म्हटल्यावर आधी तह आठवायचा. निवांतपणासाठी त्याच्याकडे 'क्विएस', 'त्रांक्विलितास' असे वेगळे शब्द होते. 'पाक्स'चं मूळ 'पक्कं रोवणं, जखडणं' अशा अर्थाच्या फार जुन्या धातूत आहे. करार तो 'पाक्तुम' (इंग्रजीतला पॅक्ट तिथूनच आला), जमिनीत ठोकायचा खुंट तो 'पालुस'. संस्कृत 'पाश'सुद्धा अभ्यासक याच कुळात धरतात. म्हणजे पाक्स आपोआप नांदत नाही, ती बांधून घ्यावी लागते. देवांशीही रोमन लोक अशीच बांधून घेत. तिला 'पाक्स देओरुम' म्हणत. साथ आली की विधींत काही चुकलं असणार, असं समजून ती पुन्हा सांधायची.

आणि अटी बहुतेकदा जिंकणाराच घालायचा. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने स्वतःच्या कारकिर्दीचा जो लेखाजोखा कोरून ठेवायला लावला, त्यात तो शांती 'विजयांनी मिळवलेली' असंच सांगतो. रोममधली त्याची शांतिवेदी, 'आरा पाकिस', इ.स.पू. 9 मध्ये अर्पण झाली, तीही युद्धदेव मार्सच्या मैदानावर! तिच्या एका शिल्पपटावर मांडीवर दोन बाळं घेतलेली स्त्री आहे, पायाशी गाय आणि मेंढी. ती शांतिदेवी की भूमाता, यावर अजून वाद आहे. मला हा पट अतिशय आवडतो. पण त्याच वेदीच्या दुसऱ्या पटावर शस्त्रांच्या राशीवर बसलेली रोमा, म्हणजे देवीरूपातलं रोम, होती, हे विसरून त्याच्याकडे बघता येत नाही. जिंकलेल्यांची बाजू इतिहासकार टॅसिटसने एका ब्रिटन सरदाराच्या तोंडी घातली आहे: 'हे उजाड रान करून सोडतात आणि त्याला शांती म्हणतात.' स्वतः रोमन असून त्याने हे लिहिलं, याचं मोल मला फार वाटतं.

मग तुमच्या घराला हे नाव का शोभेल? कारण शब्द तिथेच थांबला नाही. बायबल लॅटिनमध्ये आलं तेव्हा हिब्रू 'शालोम'चा सगळा भार, म्हणजे क्षेम, भरभराट, सलोखा, ग्रीकमार्गे 'पाक्स'वर आला. रोमच्या भूमिगत दफनस्थळांत ख्रिस्ती थडग्यांवर 'इन पाके', म्हणजे 'शांतीत', असं कोरलेलं सापडतं. तिथे जेता-जित काही उरत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो, कुठल्याही घरात शिरताना आधी म्हणा: 'पाक्स हुइक दोमुई', या घराला शांती लाभो. पाटीवर नुसतं 'पाक्स' लिहिण्यापेक्षा मी हे पूर्ण वाक्यच घालीन.