बेडसोरची केस: समितीच्या अहवालाची वाट बघत बसू नका

'वय झालंय, त्यात शुगर, जखम होणारच.' खुब्याच्या ऑपरेशननंतर तुमच्या आईंना बेडसोर (एकाच स्थितीत पडून राहिल्यानं होणारी जखम) झाला, त्यावर हॉस्पिटलनं दिलेलं हे उत्तर तुमच्या पोस्टमध्ये वाचून डोकंच फिरलं. आम्हालाही हेच ऐकवलं होतं. वडिलांचंही खुब्याचंच ऑपरेशन, मग आयसीयू, आणि घरी आणून ड्रेसिंग सोडलं तर माकडहाडावर मुठीएवढा खड्डा.

मी वकील नाही, तेव्हा कागद एखाद्या वकिलाला दाखवाच. केसपेपर कसे मागायचे वगैरे इथले बाकीचे सांगतीलच. फक्त डिस्चार्ज समरीवर समाधान मानू नका, नर्सिंग चार्ट मागा. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 72 तासांत कागद देण्याचं बंधन मेडिकल कौन्सिलच्या 2002च्या नियमावलीत आहे. आमच्या चार्टवर दर दोन तासांनी 'कूस बदलली', ड्यूटी बदलली तरी अक्षर तेच, पेनही तेच. त्यातली एक नोंद तर वडिलांना सीटी स्कॅनला खाली नेलं होतं त्या वेळची!

आता खरा मुद्दा. तुम्ही लिहिलंय की पोलिसांनी कागद वैद्यकीय समितीकडे (निष्काळजीपणा झाला का यावर मत देणारी) पाठवलेत आणि अहवाल आला की भरपाईसाठी ग्राहक आयोगात जाणार. तसं करू नका. फौजदारी कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, असं सुप्रीम कोर्टानं जेकब मॅथ्यू प्रकरणात 2005 साली सांगितलंय, म्हणून पोलीस कागद पाठवतात. ग्राहक तक्रारीला त्या अहवालाची अट नाही. पण ज्या कार्यालयात आमची फाइल होती (नाव घेत नाही), तिथल्या बाबूनं 'अहवाल येईपर्यंत कुठेही जाऊ नका, केस बिघडेल' असं ठामपणे सांगितलं. मग सुरू झालं: एका सदस्याची बदली झाली, साहेब दौऱ्यावर आहेत, पत्र टपालात आहे. शेवटी दीड ओळीचा अहवाल आला, 'निष्काळजीपणा आढळून येत नाही'. चार्टचा उल्लेखसुद्धा नाही.

तोवर ग्राहक कायद्यातली दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, आम्ही केला, मंजूरही झाला. पण समोरच्या वकिलानं त्या उशिरावरच इतक्या तारखा खाल्ल्या की जखमेवर कोणी बोलेचना. आणि तो सल्ला देणारा बाबू? 'मी असं बोललोच नाही.' जाऊ दे, रक्तदाब वाढतो.

तेव्हा आधी जिल्हा ग्राहक आयोग. तिथं अधिकारक्षेत्र ठरतं ते हॉस्पिटलला दिलेल्या रकमेवरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही: 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत शुल्कही नाही. बिल विमा कंपनीनं भरलं असलं तरी चालतं. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या 2010च्या व्ही. किशन राव निकालात आलंय. तरी सध्या जखम बघणाऱ्या प्लास्टिक सर्जनकडून दोन ओळी लिहून घ्या. ते बहुधा का-कू करतील. निदान त्यांच्या केसपेपरवर जखमेची ग्रेड (किती खोल ते) आणि माप तरी येऊ द्या.

एकट्या सर्जनवर राग काढू नका, हे माझं वैयक्तिक मत. कूस बदलणं हे वॉर्डचं काम, म्हणून हॉस्पिटलला पक्षकार कराच. मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जरूर करा, पण तिथं कारवाई डॉक्टरच्या नोंदणीवर होते, भरपाई मिळत नाही. सरकारी रुग्णालयात सगळ्यांनाच मोफत उपचार असतील तर मात्र ग्राहक कायदा लागू होत नाही, मग दिवाणी कोर्टाचा रस्ता.

जखमेचे फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा, व्हॉट्सॲपवर पाठवलेले नकोत, मूळ फाइल जपा. एअर बेड, ड्रेसिंग, सगळ्याची बिलं ठेवा. घरी काळजी घ्यायला ठेवलेल्या ब्युरोच्या बाई पावती देत नसतील तर त्यांचा पगार रोख देऊ नका, यूपीआयनंच द्या.