कार्डाचं बिल फेडायला भिशी उचलू का?

चिंचवडहून एका ताईंनी घरखर्चाचा कागद, कार्डाचं स्टेटमेंट आणि डी-मार्टची पावती जोडून मेल केला आहे. त्यातला मुख्य प्रश्न असा: "मिस्टर भोसरीत एका कंपनीत आहेत, हातात ४६,००० येतात. मी घरी शिकवण्या घेते, त्याचे ९,००० मिळतात. दोन मुलं, सासूबाई आमच्याकडेच असतात. क्रेडिट कार्डाचे ७२,००० थकले आहेत. दर महिन्याला ४,००० भरते, तरी आकडा हलत नाही. सोसायटीत २० जणींची ५,००० ची लिलावाची भिशी आहे. सात झाल्या, मी अजून उचललेली नाही. मागच्या महिन्यात ८६,००० ला गेली. या महिन्यात बोली लावून उचलू आणि कार्ड फेडू का? बँकेत एक लाखाची एफडी आहे, पण ती मुलीसाठी आहे, मिस्टर तिला हात लावू देत नाहीत. घरखर्चात आणखी कुठे काटकसर करू? दूध अर्धा लिटर कमी केलंय, मुलीचा चित्रकलेचा क्लास बंद करायचा विचार आहे."

ताई, दूध आधी पूर्ववत करा आणि क्लास चालू ठेवा. तुमची गळती तिथे नाहीच.

कार्डापासून सुरुवात करू. तुमच्या स्टेटमेंटवर महिना ३.५ टक्के व्याज दिसतंय, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ७२,००० वर व्याज २,५२० आणि जीएसटी साडेचारशे, मिळून २,९७० च्या आसपास. तुम्ही भरता त्या ४,००० मधले जेमतेम हजार रुपये मुद्दलात जातात. यापुढे एक रुपयाची नवी खरेदी केली नाही, तरी हे फिटायला ३४ महिने लागतील. आणि खरेदी तर चालूच आहे, जूनमध्ये शाळेची फी कार्डावरच गेली. चाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी वापरायची सोय असते ती मागचं बिल पूर्ण भरणाऱ्याला. थकबाकी असताना फी भरली, तर ज्या दिवशी कार्ड घासलं त्याच दिवसापासून व्याज सुरू. म्हणून आकडा हलत नाही. कार्ड लगेच फेडायला हवं, यात तुमचं बरोबर आहे. कशाने फेडायचं, एवढाच प्रश्न.

लिलावाच्या भिशीत महिन्याला जमणारे एक लाख सगळ्यात कमी रकमेवर राजी होणारीला मिळतात, आणि तिने सोडलेले पैसे सगळ्यांच्या हप्त्यातून कमी होतात. भिशी ८६,००० ला उचलली, तर तुम्ही १४,००० सोडता. शेवटच्या, म्हणजे विसाव्या महिन्यापर्यंत थांबलात तर पूर्ण लाख मिळतील. आज आठवा महिना. म्हणजे ८६,००० बारा महिने आधी वापरायला मिळावेत म्हणून १४,००० मोजायचे. व्याजाच्या भाषेत वर्षाला सव्वासोळा टक्के. कार्डापेक्षा कितीतरी बरं, पण स्वस्त नव्हे. भिशीत व्याज नसतं असं बायका सहज म्हणतात. बोलीत जे सुटतं ते व्याजच असतं, फक्त ते बँकेऐवजी मैत्रिणींच्या हप्त्यातून वजा होतं, त्यामुळे टोचत नाही.

आता एफडी. ती ६.८ टक्क्यांची आहे. ती मोडू नका. मिस्टरांचा शब्दही राहील आणि पैसेही मिळतील अशी एक वाट आहे: एफडी तारण ठेवून त्याच बँकेतून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडीच्या जोरावर लागेल तेवढे पैसे उचलायची सोय. साधारणपणे एफडीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त. वाईटात वाईट ८.८ टक्के धरू. ७२,००० वर महिन्याला सुमारे ५३० रुपये. एफडीवरचं व्याज तुम्हाला मिळत राहतंच, त्यामुळे खरा फटका दोन टक्क्यांचा. फक्त पावती एकदा नीट बघा. पाच वर्षांची करबचतीची एफडी असेल, तर ती तारण ठेवता येत नाही, आणि मग मात्र भिशीच उचला.

एफडी चालली, तर भिशीचं काय? थांबा, पण शेवटपर्यंत नाही. ही भिशी विश्वासावर चालते. १९८२ च्या चिट फंड कायद्याप्रमाणे नोंदणी झालेली ती नाही, हे तुम्हीच लिहिलंय. जोवर तुम्ही उचलत नाही तोवर तुम्ही बाकीच्यांना पैसे दिलेले असतात, आणि आधी उचललेल्यांपैकी कुणी घर बदललं किंवा हप्ता थांबवला, तर झळ शेवटच्यांना लागते. चालवणाऱ्या काकूंची ही तिसरी फेरी आहे आणि आधीच्या दोन सुरळीत पार पडल्या, हे बरं लक्षण आहे. तरी विसाव्या महिन्याचा हव्यास नको. सहसा गरजू लोक आधी उचलून मोकळे होतात आणि नंतर बोलीत कमी पैसे सोडावे लागतात. चौदा-पंधराव्या महिन्यात ९४,००० च्या आसपास मिळाले, तर उचला आणि ओव्हरड्राफ्ट त्याच दिवशी फेडा. मधे कुणाचं आजारपण निघालं, तर भिशी कधीही उचलता येईलच. सध्या तुमच्याकडे अडीनडीला दुसरं काही नाही, म्हणून ती हातात राखून ठेवायची.

पण एवढ्याने भागणार नाही. तुमचा घरखर्चाचा कागद मी दोनदा बेरीज करून पाहिला: वाणसामान, दूध, भाजी, गॅस, वीज, मोबाइल, पेट्रोल, मुलांची व्हॅन आणि क्लास, सासूबाईंची औषधं, मेंटेनन्स मिळून ३०,४००. घराचा हप्ता १४,३००, भिशी ४,३००, सराफाची योजना २,०००, कार्ड ४,०००. एकूण ५५,०००. आले तेवढे गेले, कागद चोख आहे. त्यावर नाहीत ते वर्षातून एकदाच येणारे खर्च. मी विचारल्यावर तुम्ही ते दुसऱ्या मेलमध्ये कळवलेत: दोघांची शाळेची फी २८,०००, विम्याचा हप्ता १४,०००, उन्हाळ्यात भरायचे गहू, तूरडाळ आणि वर्षाचा मसाला १२,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ६,०००, घरपट्टी ४,०००, आहेर आणि गावची यात्रा ८,०००. शिवाय मे महिन्यात शिकवण्या बंद, ते ९,००० बुडतात. झाले ८१,०००, म्हणजे महिन्याला ६,७५०. (दिवाळी धरली नाही, ती बोनसवर निघते असं तुम्ही म्हणता.) हे पैसे बाजूला ठेवलेलेच नसतात, म्हणून दर वेळी कार्ड बाहेर येतं. भिशी उचलून कार्ड आज कोरं केलंत, तरी पुढच्या जूनला ते पुन्हा भरेल.

तेव्हा असं करा. ओव्हरड्राफ्टला ठरलेला हप्ता नसतो, व्याज भरत राहिलं तरी चालतं. कार्डाच्या ४,००० मधून ५३० व्याजाला, उरलेले ३,४७० वेगळ्या बचत खात्यात. त्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही, डेबिट कार्ड सासूबाईंच्या कपाटात. सराफाच्या योजनेचे अकरापैकी पाच हप्ते झालेत. राहिलेले सहा भरून ती पूर्ण करा, पण नवी लगेच सुरू करू नका. सराफ जो एक हप्ता घालतो, तो दागिना घेताना घडणावळीत बराचसा परत जातो. योजना संपली की ते २,००० याच खात्यात वळवा. तरी पहिल्या वर्षी त्या ८१,००० ला साधारण २७,००० कमी पडतील. भिशीतून ओव्हरड्राफ्ट फिटल्यावर वीस-बावीस हजार उरतात, ते इथेच टाका. शिवाय बोलीत सुटणारी रक्कम कमी होईल तसा भिशीचा हप्ता ४,३०० वरून ४,७००-४,८०० कडे जाईल. हे सगळं बसवायला महिन्याला हजारेक रुपये वाचवावे लागतील.

ते हजार कुठले, तर तुम्ही पाठवलेल्या डी-मार्टच्या पावतीतले. ४,१८० ची पावती. तांदूळ, तेल, साखर, साबण सगळं वाजवी. मग स्टीलचे डबे, एक बेडशीट, दोनवर एक फुकट म्हणून नूडल्सची सहा पाकिटं: १,१३० रुपये. यादी घेऊन जा आणि ट्रॉलीऐवजी बास्केट घ्या. महिन्याचं सामान एका खेपेत मावत नसेल, तर उरलेलं कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणा. तो बेडशीट विकत नाही. तिन्ही मोबाइलचं रिचार्ज २८ दिवसांचं आहे, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. सासूबाईंच्या फोनला तरी वर्षाचं एकदम केलंत तर बरं पडेल. रोजच्या पैशापैशाचा हिशेब वहीत लिहायचा प्रयत्न सोडून द्या, तो तीन दिवसांच्या वर टिकत नाही, हे तुम्हीच कबूल केलंय. भाजी-फळांचे आठवड्याचे आठशे रुपये रोख काढून ठेवले तरी पुरे.

मिस्टरांनी सुचवलेलं गृहकर्जावरचं टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, नको. दर कमी दिसतो, पण मागच्या दोन वर्षांची फी आणि किराणा पुढची बारा वर्षं फेडत बसाल.

बँकेत जाताना एफडीची पावती, पॅन, आधार न्या. एफडी मिस्टरांच्या नावावर असेल, तर सही त्यांचीच लागेल, म्हणजे त्यांना आधी सांगावं लागेल. मोडत नाही आहोत, हे पहिल्या वाक्यात सांगा. पैसे हातात आले की कार्डाची पूर्ण रक्कम भरा. पुढच्या बिलात काहीशे रुपये व्याज पुन्हा दिसेल. बिल निघाल्यापासून भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं ते. चूक झाली समजून सोडू नका, भरून टाका. मग अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाची मर्यादा २०,००० वर आणा. खरेदीच्या अ‍ॅप्समध्ये साठवलेला कार्डाचा नंबर मुलाला काढून टाकायला सांगा, तो आठवीत आहे, त्याला तुमच्याआधी जमेल.