वणीजवळच्या गावात कोळशाची धूळ, आईला दमा. एअर प्युरिफायर कोणता घ्यावा?

आधी खोली पाहा, मशीन नंतर. कौलारू घरात फटींतून धूळ येतच राहते, तिथं महागडं मशीनही हात टेकतं. आई झोपते ती स्लॅबची, दारं-खिडक्या नीट लागणारी खोली निवडा.

खोक्यावर सीएडीआर हा आकडा बघा, म्हणजे मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं ते. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. ती तासाला ५ वेळा गाळायची तर सीएडीआर तासाला किमान १७० घनमीटर असावा. थोडा जास्तच घ्या, म्हणजे मंद वेगावर, कमी आवाजात भागतं. फिल्टर खरा हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा (एच१३ दर्जाचा) असावा. ‘हेपा टाइप’ लिहिलेलं नको. ओझोन वायू सोडणारं आयोनायझर (हवेत विद्युतभार सोडणारं यंत्र) तर दम्याला वाईटच. बदली फिल्टरची किंमत आधीच विचारा, खरा खर्च तिथंच आहे.

आपल्याकडची खरी अडचण उन्हाळ्यात. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, त्याला खिडकी उघडी लागते. तो सुरू असताना प्युरिफायर म्हणजे नुसतं वीजबिल.

घरात चूल पेटत असेल तर आधी गॅस घ्या. हेपा धुराचे कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. झाडूऐवजी ओलं फडकं मारा. आणि डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नका.