सोळा वर्षांच्या मुलीला मित्राबरोबर बाहेर जाऊ द्यावे का?

अकरावीतल्या आपल्या मुलीला क्लासमधल्या एका मुलाबरोबर रविवारी बाहेर जायचे आहे, तो मला आवडतो असेही तिने तुम्हाला मोकळेपणाने सांगितले आहे आणि ती यासाठी तयार आहे की नाही हे कसे ठरवावे, असा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक आहे. तिने स्वतः येऊन विचारले, ही मला मोठी जमेची बाजू वाटते. कारण आमच्याकडे येणारी बहुतेक प्रकरणे फर्ग्युसन रस्त्यावर कुणा काकूंनी पाहिल्यानंतरची असतात. (पुण्यात अशी बातमी मुलांच्या आधी घरी पोचते.)

वयाच्या आकड्यापेक्षा ती नकार कसा देते आणि कसा पचवते, हे मी पाहते. मैत्रिणी एखाद्या गोष्टीसाठी मागे लागल्या असताना तिला ‘मला नाही जमणार’ म्हणता येते का? त्या मुलाच्या मेसेजला तासभर उत्तर दिले नाही तर काय होते, हेही तिला सहज विचारा. एका मुलीने मला सांगितले होते, ‘तो चिडतो, म्हणून मी अभ्यासाला बसतानाही फोन सायलेंटवर ठेवत नाही.’ अशा उत्तरानंतर परवानगीचा विषय बाजूला ठेवून त्या चिडण्याविषयी बोलावे लागते.

कायद्याची माहिती धमकीच्या सुरात न देता, पण स्पष्ट शब्दांत द्यायला हवी. एकत्र कॉफी पिणे हा गुन्हा नाही. मात्र बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालक असते, तिची संमती शारीरिक संबंधांसाठी ग्राह्य धरली जात नाही आणि मुलगाही अल्पवयीन असला तरी त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. अल्पवयीन व्यक्तीचे अश्लील छायाचित्र पाठवणे हाही गुन्हाच आहे, मग ते कितीही विश्वासाने पाठवलेले असो.

तो स्कूटर घेऊन येणार असेल, तर तिथे ठाम नकार द्या. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरताच असतो; नेहमीची स्कूटर त्यात बसत नाही. मेट्रोने डेक्कनला जावे, वर्दळीच्या ठिकाणी बसावे, उजेड असताना परतावे. टेकडीवर फिरायला जाणे सध्या नको. अवघडल्यासारखे वाटले तर तिने फोन करावा आणि तुम्ही त्या वेळी एकही प्रश्न न विचारता तिला घेऊन यावे, हे आधीच ठरवून ठेवा. चौकशी दुसऱ्या दिवशी करता येते.

हे सारे तिच्या बाबांनाही रविवारच्या आत सांगा. आईला माहीत आणि बाबांपासून लपवलेले, अशी सोय अनेक घरांत असते. पण पुढे खरोखर अडचण आली की ती मुलगी आईलाही सांगायला कचरते, कारण मग आईचे लपवणेही उघडे पडणार असते.